वजनांच्या गटातली आत्या

"आत्या, तुझं रक्त तुझ्यापेक्षा तरुण निघालं, तर तुला आमच्या वर्गात बसवतील का गं?"

हा प्रश्न माझा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती आणि तिघीजणी दुकानाच्या काचेबाहेर तोंड दाबून उभ्या होत्या. आत्या कपडे दुरुस्त करायच्या दुकानात काम करते. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या आणि म्हणाली, "बसवलंच तर तुझ्या शेजारी नको. तू फार बडबडतेस."

पैज मी जिंकले, पण हसं माझंच झालं.

त्याचं असं होतं, की एका डॉक्टरीणबाईंनी पन्नाशी ओलांडलेल्या बायका गोळा केल्या होत्या. वयाबरोबर रक्तातली काही प्रथिनं वाढतात, काही घटतात. कुठल्या व्यायामाने त्यांत काय फरक पडतो, ते बाईंना बघायचं होतं. चिठ्ठ्या टाकून काहीजणींना भरभर चालायला लावलं, काहीजणींना वजनं उचलायला. रक्त आधी घ्यायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा. आत्याच्या वाट्याला वजनं आली. तिच्याच दुकानात काजं करणाऱ्या मावशींच्या वाट्याला चालणं.

तोवर आमच्या घरची सकाळ म्हणजे आत्याच होती. चहा तिचा, डबे तिचे, माझ्या वेण्याही तिच्याच. ती एक दिवसाआड व्यायामाच्या हॉलवर जायला लागल्यावर आईबाबांनी कुरकुरत का होईना, चालवून घेतलं. संशोधन म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? विज्ञानाने माझा डबा पळवला, असं बाबा ऑफिसात सांगत फिरायचे. पण आत्या बदलत होती. एकदा बरणीचं घट्ट बसलेलं झाकण बाबा फडक्यात धरून पिळत होते. आत्याने जाता जाता ते उघडलं आणि पुढे गेली. जेवताना ती हॉलमधल्या गमती सांगायची. आधी तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. किंवा आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

परवा सुट्टीच्या दिवशी ती चष्मा विसरून गेली आणि मला हॉलवर पळावं लागलं. बघते तर आत्या मैदानाला फेऱ्या मारतेय आणि मावशी आत आरशासमोर वजनं उचलतायत. गट बदलले असतील, असं मला वाटलं. मावशींनी हसत हसत खरं काय ते सांगितलं. त्यांचा गुडघा धरला की दोघी अदलाबदल करतात आणि हजेरीला एकमेकींच्या नावाला हो म्हणतात. दुकानात तरी काय वेगळं असतं? एकीचे डोळे दुखले की दुसरी तिची काजं करते. गिऱ्हाइकाला कपडा वेळेवर मिळाल्याशी मतलब.

आत्या फेऱ्या संपवून आत आली, तेव्हा मी सहज विचारलं, की मग रक्त कुणाचं घेतात.

"ज्याचं त्याचं," आत्या म्हणाली आणि थांबली. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे त्यांना वाटणार हा वजनांचा गुण. आणि त्यात निम्मं माझं चालणं."

व्यायाम तो व्यायाम, थेंबभर रक्ताला काय कळतंय, असं मावशींचं म्हणणं पडलं.

"अगं, कळतं का, तेच तर बघतायत त्या."

आत्या गप्प राहिली असती तर तिची सकाळ तिच्याकडे राहिली असती. सांगितलं की यादीतून नाव जाणार आणि नावाबरोबर घराबाहेर पडायचं कारणही. आम्हा तिघींनाही ते कळत होतं. आत्याने माझ्याकडून चष्मा घेऊन घातला आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे चालायला लागली. मी मागोमाग.

बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आपणही नीट समजावून सांगायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. पण दोघींचं रक्त आता हिशेबात धरता येणार नव्हतं.

"मग माझ्यात काय बदललं, ते कळणारच नाही?" आत्याने विचारलं.

"बदललं असेल हो. पण कशामुळे, ते मला सांगता येणार नाही."

हॉल सकाळी सगळ्यांनाच खुला असतो, तुम्ही येत राहा, असंही त्या म्हणाल्या. आत्याने मान डोलावली. मग आत जाऊन मावशींनी तशीच टाकलेली वजनं तिने पुसली आणि जागेवर लावून ठेवली.

दुपारी जेवताना तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. खरं बोललात ते बरं केलंत ताई, असं आई म्हणाली. बाबांनी हुश्श केलं. "चला ताई, म्हणजे उद्यापासून पहिल्यासारखं."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना फक्त डबा हवा होता. आत्या हो म्हणाली. इतक्या पटकन हो म्हणाली, की घास माझ्या हातातच राहिला. मग ती ताटं गोळा करून आत गेली आणि नळ सोडला.

"उद्यापासून सकाळचे डबे मी भरणार," मी म्हणाले.

बाबा हसले. तुला साधा भात तरी येतो का, असं आईने विचारलं.

"नाही येत. आज शिकव."

"अगं, पण आता कशाला? तिचं रक्त तर कुणी बघणार नाही."

आतला नळ बंद झाला.

"नको बघू दे," मी म्हणाले. "आत्या वजनं उचलायला जाणार आहे."