कोरी स्टेपनी

भिंगकाकांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतली वजनमापं तपासली होती. आत शिरायचं, तराजू उचलायचा, पारड्याच्या खाली चिकटवलेलं वाटाण्याएवढं शिसं नखाने खरवडून काढायचं आणि दुकानदाराकडे असं बघायचं की त्याने आपण होऊन आणखी दोन लबाड्या कबूल कराव्यात. निवृत्त झाल्यावर ऑफिसचं सगळं सामान परत करावं लागलं. खिशातलं, कडेला टवका उडालेलं भिंग मात्र स्वतःच्या पैशांचं होतं, ते राहिलं. त्या भिंगाने ते औषधाच्या पट्ट्या वाचायचे, दुधाच्या पिशव्या वाचायचे, लिफ्टमध्ये लावलेला तपासणीचा कागदसुद्धा वाचायचे. नाव त्यामुळेच पडलं होतं. बायको होती तोवर म्हणायची, "स्वभावाला औषध नसतं म्हणतात. म्हणून यांच्या स्वभावाच्या गोळ्या मीच खाते." तिला रक्तदाब होता.

ती गेल्यावर काकांच्या आठवड्यात एकच दिवस उरला, रविवार. रविवारी सकाळी ते गाडी काढायचे, पलीकडच्या इमारतीतून नातीला घ्यायचे आणि पोहण्याच्या तलावावर सोडायचे. जायला एकोणीस मिनिटं, यायला एकवीस. नात नऊ वर्षांची. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, ही तिची जागा; तिची एक पोहायची टोपीही मागच्या काचेपाशी पडून असायची. त्या चाळीस मिनिटांत काका तिला आपली विद्या शिकवायचे.

"दुकानात गेलं की आधी काय बघायचं?"

"शिक्का!"

"आणि माल चकचकीत असला तर?"

"तरी आधी शिक्का!"

मग ती तीच एक गोष्ट पुन्हा सांगायला लावायची. एका दुकानदाराने मखमलीच्या पेटीत पितळेची वजनं ठेवली होती, आरशासारखी. काकांनी ती उलटी केली तर खाली तपासणीचा सरकारी शिक्का जुन्या सालचा. दुकानदार हातापाया पडायला लागला, "साहेब, अजून वापरलीसुद्धा नाहीत हो, कोरी आहेत!" काका म्हणाले, "मी वजन बघत नाही, शिक्का बघतो," आणि पेटीसकट सगळी वजनं जप्त केली. या जागी नात टाळ्या वाजवायची. तिला त्या दुकानदाराची कधी दया आली नाही आणि काकांनाही नाही.

अशा सुखात चाललेल्या रविवारांत टायर आडवे आले. पोरीची बॅग द्यायला काकांची लेक खाली आली होती. बॅग ठेवता ठेवता ती वाकली.

"बाबा, हे बघितलंत का? टायरला टाचेसारख्या भेगा पडल्यात."

"वरवरच्या आहेत. खाचा बघ, चार मिलिमीटर आहेत. मी स्वतः मोजल्यात."

"खाचांचं मला कळत नाही. पण हे टायर बदलल्याशिवाय पोरीला या गाडीत बसवायचं नाही. आजचा शेवटचा दिवस."

संध्याकाळी जावयाचा फोन आला. त्याच्या ओळखीचा एक टायरवाला होता, माणूस सरळ होता, बाबांनी तिथेच जावं. काकांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. कुठेतरी पाणी मुरत होतं. हाच जावई मागच्या वर्षी म्हणाला होता, "बाबा, आता गाडी विकून टाका, दगदग कशाला?" आणि आता लेकीला भेगा दिसतात काय, जावयाच्या ओळखीचा माणूस निघतो काय! ज्याची शिफारस होते त्याच्या तराजूखाली शिसं असतं, हा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

तरी ते गेले, कारण रविवार हातचा जाऊ द्यायचा नव्हता. पण जाण्याआधी डिकी उघडून त्यांनी स्टेपनी तपासली. ही स्टेपनी म्हणजे काकांचा जीव. गाडी घेतली त्या दिवसापासून ती एकदाही रस्त्याला लागली नव्हती. जुन्या चादरीत गुंडाळलेली, खाचांतले रबराचे बारीक केस अजून जसेच्या तसे. गॅरेजवाले चांगली स्टेपनी काढून तिच्या जागी भंगार टाकतात हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून तिच्या रिमवर त्यांनी पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके काढले होते. गाडी कुठूनही आली की आधी ठिपके मोजायचे. तिन्ही होते.

टायरवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा. जो माणूस कमी बोलतो तो काहीतरी लपवतो, असं काकांचं मत होतं. जो जास्त बोलतो तो तर लपवतोच. त्याने चारी चाकांवरून हात फिरवला, अंगठ्याने रबर दाबून पाहिलं आणि म्हणाला, "काका, चारही गेलेत. खाचा आहेत, पण रबर मेलंय. लाकूड झालंय त्याचं."

"आणि स्टेपनी?" काकांनी मुद्दाम विचारलं. हा त्यांचा जुना सापळा होता. खऱ्या मालालाही जो खोटा म्हणेल तो लबाड.

टायरवाल्याने चादर बाजूला केली, टॉर्च मारला, कडेच्या एका लांबट खाचेतले चार आकडे बघितले. "हीसुद्धा काढा."

काकांच्या चेहऱ्यावर तराजूखाली शिसं सापडल्याचा आनंद पसरला. "ही? अहो, ही नवी कोरी आहे! एक किलोमीटर चाललेली नाही."

"कोरी आहे काका. नवी नाही." टायरवाला शांतपणे म्हणाला. "हे बघा, बावीस चौदा. चौदा सालचा बाविसावा आठवडा. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. अकरा वर्षं झाली हिला."

"चौतीस वर्षं मी शिक्के बघितलेत, मला शिक्के शिकवू नका! आकडे काय, हवे तसे वाचता येतात. बावीस तारखेला चौदा नग पाठवले, असंही वाचेन मी."

"वाचा. पण बसवू नका."

काकांनी आपला निकाल दिला. नवे टायर तीनच घ्यायचे, चौथ्या चाकाला स्टेपनी. टायरवाल्याने तीन बसवले. चौथ्याच्या वेळी पाना खाली ठेवला.

"ती स्टेपनी मी बसवणार नाही. गाडीत लहान मूल बसतं ना? मग तर नाहीच."

काका ताठ झाले. लहान मूल? हे याला कुणी सांगितलं? काकांनी तर नातीचं नावही काढलं नव्हतं. म्हणजे जावयाचा फोन येऊन गेला होता. म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं, चार टायर घ्यायला लावायचे, जमलं तर म्हाताऱ्याला घाबरवून गाडीच बंद करायची. काका तीन टायरचे पैसे मोजून निघाले. तीन नव्या चाकांवर आणि एका मेलेल्या चाकावर ते घरी आले, खाली जॅक लावला आणि अर्धा तास घाम गाळून स्टेपनी स्वतःच्या हाताने मागच्या डाव्या चाकाच्या जागी चढवली. नट आवळताना त्यांना वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. आपल्याला कुणी फसवू शकलं नाही, याच्यासारखं टॉनिक नाही.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी पुसली. नातीची बॅग लेकीच्या हातातून घेऊन मागच्या सीटवर ठेवली आणि दार उघडून ऐटीत उभे राहिले.

"बदललेत ना टायर?" लेकीने विचारलं.

"चारही चाकं बघून घे." हे खोटं नव्हतं. वजनमापाच्या खात्यातला माणूस शब्दही मोजून वापरतो.

नात म्हणाली, "आजोबा, भिंग दे. मी तपासते."

काकांचा ऊर भरून आला. पोरगी गुडघ्यावर बसली आणि एकेका चाकाशी नाक लावून वाचायला लागली. पुढचं उजवं, पुढचं डावं, मागचं उजवं. मग मागच्या डाव्याशी ती बराच वेळ थांबली. परत पुढच्याशी गेली. परत आली.

"आजोबा, या तिघांवर शेवटी पंचवीस आहे. याच्यावर चौदा. असं का?"

"ते काही नसतं गं. नंबर असतो."

"पंचवीस म्हणजे यंदाचं साल. मग चौदा म्हणजे पण साल. मी सोळा सालची." ती उठली. "आजोबा, हा टायर माझ्यापेक्षा मोठा आहे."

लेक नुसती काकांकडे बघत होती. तिने बोलायला हवं होतं असं काकांना वाटलं. भांडणात माणसाला निदान उत्तर देता येतं.

"अगं, पण नवी कोरी आहे ती!" काकांचा आवाज चढला. "एकदाही वापरलेली नाही!"

नातीने भिंग फ्रॉकला पुसलं आणि त्यांच्या हातात परत दिलं.

"तो वजनवाला पण असंच म्हणाला होता," ती म्हणाली. "मी नाही बसणार."

गुरूची विद्या गुरूला फळली ती अशी. लेक पोरीला घेऊन बसस्टॉपकडे गेली. पोरीने दोनदा वळून बघितलं, पण तिसऱ्यांदा नाही. काका उघड्या दाराशी उभे राहिले. त्यांना राग आला होता, आणि रागाखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. इतकी वर्षं जगाने त्यांना फसवू नये म्हणून ते जगले होते. आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही तर कसं वाटतं, हे बघायची वेळच आली नव्हती.

मग त्यांना मागच्या सीटवरची बॅग दिसली. घाईत राहून गेली होती. झालं! काकांनी दार आपटलं. बसच्या आधी तलावावर पोचायचं, बॅग हातात घेऊन पायरीवर उभं राहायचं, काही बोलायचं नाही. गाडीने बोलावं.

गाडी अकरा मिनिटांनी बोलली.

मोठ्या रस्त्याला लागून काकांनी वेग साठच्या वर नेला होता. आधी मागून एक घरघर आली. काकांना वाटलं, रस्ता खराब केलाय कंत्राटदाराने, चोर लेकाचे. मग पत्र्याची टाकी फुटावी तसा आवाज झाला. गाडीचा मागचा भाग डावीकडे बसला, मग आपल्या मर्जीने फिरला. काकांच्या हातातलं स्टिअरिंग कुणाचंच राहिलं नव्हतं. दिव्याचा खांब खिडकीतून जवळ येताना त्यांना नीट दिसला. गाडी बाजूने त्याला जाऊन लागली आणि थांबली.

काकांना काही झालं नव्हतं. चष्मासुद्धा जागेवर होता. ते सावकाश मागे वळले.

मागचं डावं दार आत आलं होतं. जिथे नात बसायची तिथे, सीटच्या अर्ध्यापर्यंत, पत्रा आणि काच. बॅग दाराखाली चेपली होती आणि तिच्यातली पाण्याची बाटली फुटून पाणी टपटप खाली गळत होतं. आणि मागच्या काचेपाशी, चार महिने होती त्याच जागी, नातीची गुलाबी पोहायची टोपी पडली होती. बाहेरून गाडीकडे बघणाऱ्या कुणालाही ती आधी दिसली असती. टायरवाल्याला जावयाने काहीही सांगितलं नव्हतं.

काका स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. रस्त्यावरची माणसं जमली, "काका, लागलं का? काका, पाणी घ्या," म्हणाली. एकाने बाटली पुढे केली, आणि काकांनी झाकणाचं सील न बघता ती तोंडाला लावली.

नंतर ते उतरले. फुटलेल्या टायरची आतली बाजू तारांसकट उघडी पडली होती, वरच्या खाचांमध्ये मात्र रबराचे बारीक केस अजून कोरेच्या कोरे. रिमवर तीन ठिपके होते. कुणी काही बदललं नव्हतं.

त्यांनी बॅग ओढून काढली, टोपी घेतली आणि राहिलेला रस्ता चालत गेले. तलावाच्या फाटकाशी नात बाकावर बसून होती, पोहायचे कपडे नाहीत म्हणून. लेक शेजारीच होती. बापाचा चेहरा बघून ती उभी राहिली, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं.

"आजोबा, गाडी कुठंय?" नातीने विचारलं.

"जप्त झाली."

"कुणी केली?"

काकांनी खिशातून भिंग काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "तपासणाऱ्या बाईंनी. सकाळीच केली होती. म्हाताऱ्याने ऐकलं नाही."

पोरीने त्यांच्याकडे बघितलं. मग भिंग उलटंसुलटं केलं, कडेचा टवका बोटाने चाचपला, उजेडात धरून बघितलं.

"हे तुझंच आहे ना?" तिने संशयाने विचारलं. "बदललेलं नाही ना?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," काका म्हणाले आणि तिच्या शेजारी खाली बसले. "तूच बघ."