काचेआडचं ऊन

अंगठ्याखाली कवच दबलं. अगदी जरासं... काच बसवायला काल चौकटीत भरलेली पुटी आज दाबून पाहावी आणि ती अजून ओली निघावी, तेवढंच. त्याने अंगठा चटकन उचलला. तळहातावरच्या बटणने डोकं आत ओढून घेतलं होतं. मुलीने ठेवलेली नावं ही – बटण आणि जाड्या. तिच्या मावशीने दिली तेव्हा कासवाची ही दोन्ही पिल्लं एकाच वाटीत मावत होती. त्याने जाड्याला उचललं, शेपटीच्या वरची कड दाबली. तीही दबली. कठीण काय, मऊ काय, हे हाताने ओळखून पोट भरणारा काचवाला मी, आणि माझ्याच घरात हे मऊ पडत गेलं, मला पत्ता नाही.

"बाबा, त्यांना गुदगुल्या होतात," मुलगी म्हणाली.

"हो, हो." त्याने पिल्लं हळूच खाली ठेवली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र घाई केली नाही. काय खातात, पाण्यात बसवता का, सगळं विचारलं. कवचाला चकाकी कसली, तर बायको तेल चोळते म्हणून, हे कळल्यावर हसल्या. "तेल बंद. कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच राहू द्या. पाल्यावर ही कॅल्शियमची पावडर. आणि ऊन?"

"दिवसभर," तो जरा ऐटीतच म्हणाला. गॅलरीतली लादी पाय भाजेल इतकी तापते. "माझ्याच हातची काच आहे, जमिनीपासून छतापर्यंत. डाग सापडायचा नाही."

"तिथेच तर अडलंय. काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण उन्हातलं जे कवच टणक करतं, ते काचेतच अडतं. काच उघडा."

"उघडत नाही ती."

बाईंनी चिठ्ठीवर पावडरचं नाव लिहिलं. "उन्हातलं तेच देणारा दिवाही मिळतो. पण दारात ऊन असताना दिवा कशाला? लहान आहेत, भरून येईल. असंच चाललं तर मात्र पाय उचलून चालणारही नाहीत."

दिवा... घरी येताना वाटभर तो दिवाच घोळवत होता. दिवा लावला की काच राहील. काच राहिली की – की काय? त्या दिवशी त्याच्या मुठीत मुलीच्या फ्रॉकचा फक्त पट्टा राहिला होता, शिवण उसवून आलेला. दुसऱ्या हाताने दंड कसा सापडला ते आजही आठवत नाही. स्टुलावर चढून ती गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकली होती, एवढंच. पडली नाही. तिला तर ते आठवतही नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्याने दुकानातली जाडजूड काच आणून गॅलरी आतून बंद करून टाकली. "एक तरी सरकती ठेवा हो," बायको म्हणाली होती, "आता वाऱ्यालाही बेल वाजवून यावं लागेल." तो हसला नव्हता. आजही हसू येत नव्हतं.

दुपारी त्याने स्टूल माळ्यावर टाकलं. मग काच धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू काढले, पुटी खरवडली. पक्की बसली होती, सुरीला दाद देईना. बायको शेजारी उभी राहून स्क्रू गोळा करत होती. मधली काच सुटली तशी ती दोन्ही हातांनी अंगावर घेऊन तो मागे सरला, आणि वारा आत आला. खालचे आवाजही आले – गाड्या, कोणाची तरी हाक, कुत्रं. घर अचानक मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि त्याला भीती वाटली.

"उघडलं!" मुलगी दोन्ही तळहातांवर बटण आणि जाड्याला घेऊन पळत आली, त्याच्या कोपराखालून थेट कठड्याकडे. हात मोकळे नव्हते. काच सोडली तर तिच्याच अंगावर फुटेल. तिच्या फ्रॉकच्या पट्ट्याची गाठ त्याला स्पष्ट दिसत होती... एका हाताच्या अंतरावर. बायकोनेही मुठीतले स्क्रू घट्ट धरले होते.

मुलगी कठड्याशी थांबली. खाली बघितलं. मग लादीवर मांडी घालून बसली आणि गजांमधून येणाऱ्या उन्हात पिल्लांना ठेवलं. एकाला ऊन जास्त झालं तर म्हणून स्वतःचा रुमाल कडेला टाकून सावलीही केली.

"बाबा, बसा ना. इथलं ऊन वेगळंच आहे."

बटणने मान बाहेर काढली. काच अजून त्याच्या हातांत होती, आरपार सगळं दिसत होतं, आणि ती कुठे ठेवायची हेच त्याला सुचत नव्हतं.