अभिरामचा अंगरक्षक

भीती हा शब्द जासईच्या ठाकुरांना ठाऊक नाही. शिवा ठाकूरच्या पोटात मात्र ती सकाळपासून तीनदा येऊन गेली होती.

नवी मुंबईच्या आइस हॉकी संघात त्याला खेळासाठी नव्हे, खांद्यांसाठी पगारावर घेतले होते. स्टार खेळाडू अभिरामला कोणी धक्का दिला, की शिवाने हातमोजे टाकून त्याला ठोकायचे. आजवर नुसते डोळे वटारून भागत होते.

आज समोर कामोठ्याचा जयप्रकाश होता. गेल्या मॅचमध्ये त्याने एकाचा जबडा मोडला होता. आल्या आल्या त्याने अभिरामला कठड्यावर आपटले.

"शिवा, जा! नाहीतर उद्यापासून येऊ नको!" कोच ओरडला.

शिवाने हातमोजे टाकले. दोघांनी एकमेकांच्या जर्सी धरल्या.

"जासईचा ना तू?" जयप्रकाश कुजबुजला. "मी तुमच्या गावचा जावई हाय."

शिवाची मूठ हवेतच थिजली. गावच्या जावयाला मारले तर आई घरात घेणार नाही. नाही मारले तर नोकरी गेली.

"मार रं, मेव्हन्या," जयप्रकाशने डोळे घट्ट मिटले. "फक्त नाकावर नको. उद्या सालीचा साखरपुडा हाय, फोटो काढायचेत."