आधी कच्चे टाके

शिवणबाईंच्या अंगणाला तीन बाजूंनी भिंत होती आणि चौथ्या बाजूला सरळ रस्ता. दीड वर्षाची नात पायाला चाकं लावल्यासारखी पळायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. लेक सोमवारपासून पुन्हा कामावर जाणार होती. भिंगरी दिवसभर आजीकडे राहणार, हे बाईंनी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण मंगळवारी जावयाने स्पष्ट सांगितलं, "आई, राग मानू नका. कुंपण झाल्याशिवाय तिला इथे ठेवणार नाही. पाळणाघरात नाव घालतो."

बाईंना राग आलाच. पण तो बोलला होता ते खरंच होतं.

कुंपणवाल्याला बोलावलं. माणूस भला होता. म्हणाला, काम एका दिवसाचं, पण तारीख तीन आठवड्यांनंतरची.

"तीन आठवड्यांत पोर पाळणाघरात रुळेल. मग माझ्याकडे कोण आणून सोडतंय?" बाई म्हणाल्या.

खांब आणि लोखंडी जाळीच्या सहा फूट रुंद चौकटी मात्र आजच देतो, असं तो म्हणाला, कुणी लावणारं असेल तर.

"ठेवून जा इथेच," बाई म्हणाल्या.

लेकीने कपाळाला हात लावला. "आई, खांब रोवायचाय, शर्टाचं बटण नाही लावायचं."

"बटण तरी धड लावणारे कुठे उरलेत?"

बुधवारी बाईंनी कंबर कसली. गळ्यातल्या टेपने मापं घेतली, कोपरभर खोल सहा खड्डे खणले, हाताला फोड आले. खांब सरळ आहे का ते बघायला दोऱ्याला कात्री बांधून सोडली. अहो, कुठल्या कारागिराने इतकं निगुतीने केलं असतं?

गुरुवारी पहिली चौकट लावायला घेतली तर ती दोन बोटं तोकडी. दुसरीही तशीच. टेप चौकटीला लावून पाहिली आणि सगळा उलगडा झाला. चाळीस वर्षं ताणून ताणून टेप सैल पडली होती. कापडही त्याच टेपने मापत असल्यामुळे कपडे अंगाला बरोबर बसायचे. वर गिऱ्हाइकं आपण बारीक झालो म्हणून खूश. पण चौकटी कारखान्यातून आलेल्या, त्यांना या टेपचं काय कौतुक?

कुंपणवाल्याने बजावलं होतं, खांब उभा केला की लगेच काँक्रीट ओता. ओतलं असतं तर संपलंच होतं. पण आधी अंगाला लावून न बघता पक्की शिलाई घालायची, हे बाईंच्या हाताला जमणारंच नव्हतं. त्यांनी खांब नुसते दगडांच्या पाचरी मारून उभे केले होते. कच्चे टाके घातले होते म्हणा ना. आता दगड काढले, खड्डे वाढवले आणि एकेक खांब चौकटीला टेकवून सरकवला. भिंतीशी वीतभर फट उरली, तिथे जाळीची पट्टी कापून जोडली. संध्याकाळी काँक्रीट ओतलं तेव्हा पाठ मोडून आली होती, पण ओळ सुतासारखी सरळ होती.

रविवारी जावई आला. एकेक खांब धरून हलवला. खांदा लावून रेटला. गुडघे टेकून खालून हात जातो का तेही पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या, श्वास रोखून. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "उद्या आठला सोडतो तिला."

बाईंना त्याला कडकडून मिठी मारावीशी वाटली. त्या फक्त म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या पँटीची शिवण उसवलीय. येताना घेऊन या."

सोमवारी जावयाने भिंगरीला अंगणात उतरवलं आणि तो निघून गेला. पोरगी सुसाट पळत गेली, जाळीला जाऊन थडकली, दोन्ही हातांनी ती धरून खदखदून हसली. बाई पायरीवर बसल्या होत्या. त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.