माहेरचं गाव सांगितलं

गीताबाई गेल्याचं कडूबाला कळलं तेव्हा तो खळ्यावर ज्वारी उपणत होता. काळी टोपी घातलेला एक शहरी माणूस धुऱ्याच्या बांधावरून विचारत विचारत आला. शेजारचा उकंडराव उपणायच्या तिवईवर उभा होता. तो वरूनच ओरडला, "कडूबा, कोर्टाचा मानूस दिसते बे! कोनाचा धुरा कोरला तू?"

खळ्यावरचे सगळे हसले. पाहुणा हसला नाही.

"मी नीळकंठ. बुलढाण्याला कचेरीत कारकून आहे," तो म्हणाला. "आमची एक लहानशी संस्था आहे. ज्यांना घर नाही, डोकं ठिकाणावर नाही, अशा माणसांना आम्ही ठेवून घेतो. गीताबाई तुमच्याच ना?"

"हाव. सापडली?"

नीळकंठरावांनी टोपी काढली. "काल गेल्या. छाती भरली होती."

कडूबाच्या हातात सूप तसंच राहिलं. दाणे ओघळत होते. "कवापासून होती तुमच्यापाशी?"

"मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून."

"अन् मले सांगाले आज आले?"

"आम्हाला सांगितलं होतं, तिचा नवरा वारला म्हणून."

"कोनं?"

"तिच्या भावानं. डोणगावच्या किसनरावांनी. काल अग्नी त्यांनीच दिला. मग तिथंच मातीत बसले आणि म्हणाले, तिचा नवरा जिवंत आहे, त्याला कळवा."

उकंडराव तिवईवरून उतरला.

महाराष्ट्र झाला त्या साली कडूबाचा एकुलता पोरगा देवीच्या साथीत गेला होता. तेव्हापासून गीताबाईचं चित्त उडालं. पोरगा बाजारात राहिला आहे असं म्हणून ती उठायची आणि चालू लागायची. कडूबा धरून आणायचा. एका बाजारच्या दिवशी ती एस.टी.त बसली आणि गेलीच. कडूबानं जत्रा पाहिल्या, दवाखाने पाहिले, मलकापूरचं स्टेशन पाहिलं. डोणगावला तर दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला किसनरावानं त्याला पाटावर बसवून जेवू घातलं, आग्रहानं तूप वाढलं. वैशाखात किसनरावाच्या पोरीचं लग्न झालं. पोरीचा फुवा, आत्याचा नवरा म्हणून कडूबा चार दिवस आधी जाऊन राबला, पंगतीत बुंदी वाढली. तेव्हा गीताबाई बुलढाण्यात होती आणि किसनरावाला ते ठाऊक होतं. पोरीची आत्या वेडी आहे हे ऐकून सोयरीक मोडली असती, एवढंच त्याचं कारण.

बुलढाण्याला जाताना एस.टी.त कडूबानं एकच गोष्ट विचारली. "तिले वाटलं का, म्या तिले टाकून देलं?"

"ते मला नाही सांगता येणार," नीळकंठराव म्हणाले.

संस्था म्हणजे सरकी भरायची जुनी कोठी. मध्ये बांबूच्या तट्ट्या लावून बायांचं आणि पुरुषांचं वेगळं केलेलं. एक म्हातारा भिंतीशी बोलत होता. एक बाई पोतं पांघरून उन्हाला बसली होती. शरयूताई म्हणजे नीळकंठरावांची बायको. त्यांनी कडूबाला पाणी दिलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आम्ही नवऱ्याचं नाव विचारलं, तिनं मान फिरवली. गाव विचारलं, डोणगाव म्हणाली. आम्ही डोणगावला माणूस पाठवला."

"बाईमानसाले गाव इचारलं तं ते माहेरच सांगन," कडूबा म्हणाला.

"हो. मलाही कोणी विचारलं तर मी माहेरच सांगते. यांचं नाव तर मी सुद्धा आजवर घेतलेलं नाही. माझ्या ध्यानात यायला हवं होतं. भाऊ म्हणाला विधवा आहे, आणि ती रोज कपाळाला कुंकू लावायची. आम्ही म्हटलं, वेड आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला बाहेर बसवलं, कडूबाभाऊ. सगळ्या बायकांसमोर."

कडूबाला राग यायला हवा होता. पण त्याला हवं होतं ते उत्तर त्यात नव्हतं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. तिला काय वाटत होतं?

"मंजुळाबाईला विचारा. दोघी एका सतरंजीवर निजायच्या. बरी असली तर बोलेल."

पोतं पांघरलेली बाई ती मंजुळाबाई. तिनं कडूबाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू तिचा मालक?"

"हाव, बाई."

"लय उशिरा आला बाप्पा. बैल हरवला असता तं आठ दिवसांत हुडकला असता."

"हुडकत होतो बाई. देवाशपथ."

"हुडकत होता!" ती हसली. "दुसरी घरात बसवून पहिलीले हुडकते काय कोनी?"

कडूबाला समजलं नाही. "कोन दुसरी?"

"तिचा भाऊ आलता. ते त्याच्या धोतराले धरून बसली. मले घरी ने म्हणे, ते वाट पाहून राह्यले असतीन. तं त्यानं सांगतलं, काऊन जातं तिथं, तुह्या मालकानं दुसरी केली. तवा सोडलं तिनं धोतर."

"खोटं हाय ते! म्या नाही केली. गावाले इचार."

"मले काऊन सांगतं? मी काय तुही बायको हाव?" मंजुळाबाई पोत्याचा धागा ओढू लागली. "त्या दिवशी तिनं नाव घेतलं तुहं. कडूबा म्हणे. मोठ्यानं. कडूबा, कडूबा. जसं ढोराले हाका मारते तसं."

शरयूताई दारात उभ्या होत्या. "मग मला का नाही ऐकू आलं? मंजुळाबाई, मला का नाही सांगितलंत?"

"मी हात ठेवला ना तिच्या तोंडावर. मालकाचं नाव चारचौघांत घेते काय बाईनं? म्हटलं, गप. मरन लागन तुले. मंग पुन्हा नाही घेतलं तिनं." ती कडूबाकडे वळली. "चांगलं केलं ना मी?"

कडूबा उठून बाहेर गेला. शरयूताईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी हळूच विचारलं, "मंजुळाबाई, तुमच्या मालकांचं नाव काय?" मंजुळाबाईनं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला कडूबा आणि नीळकंठराव मसणात गेले. किसनराव येणार होता, आला नाही. कडूबानं राखेवर पाणी शिंपडलं, हाडं वेचली, मडक्यात घातली. नीळकंठराव म्हणाले, "काही बोलायचं असेल तर बोला. मी तिकडे थांबतो."

कडूबा मडकं पुढ्यात घेऊन बसला. "अवो," त्यानं हाक मारली. पुढं त्याला बोलता येईना. हे राखेला सांगून काय होणार होतं? ती ज्या दिवशी नाव घेऊन ओरडली, त्या दिवशी तो खळ्याला शेण लावत असेल, नाही तर बाजारात तिची चौकशी करत असेल. तेव्हा कोणी दारात येऊन हाक दिली असती तर तो अनवाणी निघाला असता.

ऊन वर आलं. नीळकंठरावांनी दोनदा खाकरून पाहिलं. कडूबा उठला आणि त्यानं मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलं.

त्यानं दुसरी केली नव्हती. ते गीताबाईला सांगायचं राहून गेलं.