बारावी बरणी

"पॅरोल बोर्डापुढचे हे शब्द तुमचेच ना, मिस्टर झेनो?" सरकारी वकील हॅथॉर्न यांनी चष्मा नाकावर ढकलला आणि वाचू लागले. "‘मी हातोडा उचलला. म्हातारा दुकानदार खाली पडला. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत टक्, टक्, असं काहीतरी वाजत राहिलं. मी मोजत होतो. अकरापर्यंत मोजलं.’"

"माझेच," क्लोव्हिस म्हणाला.

"काय वाजत होतं?"

"ठाऊक नाही, साहेब."

"पण ऐकलंत. जो तिथं होता त्यालाच ऐकू येईल, असं." हॅथॉर्न यांनी जजबाईंकडे बघितलं आणि जागेवर जाऊन बसले. जेवणाची सुट्टी झाली.

त्या दुकानदाराच्या खुनासाठी तेवीस वर्षं क्लोव्हिस आत होता. पॅरोलवर सुटल्यानंतर दुकानातल्या गल्ल्याच्या पेटीवरचे ठसे दुसऱ्याच माणसाचे निघाले, तेव्हा कोर्टाने शिक्षा पुसली. पण शिक्षा पुसली म्हणजे निर्दोष ठरला असं नाही, हे त्याला वकीलबाई मिस प्रुइट यांनी तीनदा समजावलं होतं. भरपाई हवी तर ‘मी केलं नाही’ हे आता त्यानेच सिद्ध करायचं. आणि पंचाईत ही होती, की क्लोव्हिसला स्वतःलाच ते नीट ठाऊक नव्हतं.

पहिल्या दोन वेळा पॅरोल बोर्डापुढे तो म्हणाला होता, मी केलं नाही. दोन्ही वेळा त्यांनी फाईल मिटली. "बोर्डाला निर्दोष माणूस खपत नाही, लेका," शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रूफस म्हणाला होता, "पस्तावलेला लागतो." तेवढ्यात गावाकडून निरोप आला की नॅनॅन फिलोमीन अंथरुणाला खिळली. नॅनॅन म्हणजे त्याची धर्ममाता, त्याला वाढवणारी. मग क्लोव्हिस पस्तावा शिकला. रोज दिवे मालवले की तो मनानेच त्या दुकानात शिरायचा, हातोडा उचलायचा, रडायचा. इतकं रोज, की हातोड्याचं वजन हाताला कळू लागलं. बोर्डाने सोडलं. घरी पोचला तेव्हा नॅनॅनच्या कबरीवरची माती ओली होती.

कोर्टाच्या मागच्या बाकावर त्याची थोरली बहीण अर्लीन डबा सोडून बसली होती. बिस्किटं, आणि अंजिराच्या मुरांब्याची बरणी.

"खा रे. तोंड बघ कसं झालंय, चिंचेसारखं."

"अर्ली, मी गेलो असेन का गं तिथं?"

"झालं तुझं सुरू!" तिने बरणीचं झाकण पिळलं. टक्.

क्लोव्हिसचा हात थांबला. "परत कर."

"काय परत कर?"

"तो आवाज."

"तो एकदाच येतो, वेड्या. गार होताना झाकण आत ओढलं जातं तेव्हा एकदा, आणि उघडताना एकदा." अर्लीन हसली, मग हसता हसता थांबली. "नॅनॅनला कुठं ऐकू यायचं? तूच तर मोजायचास तिच्यासाठी. जी वाजली नाही ती टिकायची नाही, ती आधी खायची."

क्लोव्हिस बरणीकडे बघत राहिला. स्वयंपाकघर वाफेने भरलेलं. ओट्यावर पंच्यावर मांडलेल्या बारा बरण्या. नॅनॅन त्याच्या ओठांकडे टक लावून, आणि तो बोटं वर करत. नऊ. दहा. अकरा. दोघं बसून राहिले, बसून राहिले. बारावी वाजलीच नाही.

"ती कुठली रात्र, अर्ली?"

"मी कामावर होते त्या रात्री, मला काय विचारतोस? पण सकाळी आले तर तू ती न वाजलेली बरणी पुढ्यात घेऊन बसलेला. बोटं चाटत होतास. तेवढ्यात दार वाजलं, आणि..."

दार वाजलं आणि पोलीस आले, खुनाच्या दुसऱ्याच सकाळी, ते क्लोव्हिसला आठवलं. आणखी एक आठवलं. तो हळूच उठला.

दुपारी मिस प्रुइट यांनी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "बाई, माझ्या ठशांचा कागद आहे का इथं? पहिल्या दिवशीचा? शिपाई माझ्यावर ओरडला होता. म्हणाला, हात धुऊन ये, पाक लागलाय."

मिस प्रुइट यांची बोटं पानांमधून धावली. सरकारच्याच फाईलीत तो कागद होता. काळे, फिसकटलेले दहा डाग, आणि खाली कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात: हात चिकट, धुऊन पुन्हा घेतले. क्लोव्हिसने बरण्यांची गोष्ट सांगितली. मध्येच अडखळला, मागे गेला, पुन्हा सांगितली.

हॅथॉर्न उठले. "हे सगळं तुम्हाला कधी आठवलं?"

"आत्ता. जेवणाच्या सुट्टीत."

कुणीतरी फिसकन हसलं.

"खुनाच्या खटल्यात तुमच्या धर्ममातेने साक्ष दिली होती. त्यात बरण्या नाहीत."

"तिला विचारलं फक्त, मी बाहेर गेलेलो ऐकलंस का. ती म्हणाली, मला ऐकू येत नाही. मग तिला बसवलं खाली."

"म्हणजे बोर्डाला तुम्ही खोटं सांगितलंत."

"हातोडा खोटा, साहेब." क्लोव्हिस आपल्या बोटांकडे बघत होता. "अकरा खरे. खोटं सांगायला बसलो, तर मध्ये माझं घर शिरलं. मलाही कळलं नाही."

जजबाईंनी तो कागद मागून घेतला. खालची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, निकाल तीस दिवसांनी.

बाहेर अर्लीनने त्याचं कोपर धरलं. "काय करेल रे ती बाई?"

"कोण जाणे." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "ती बारावी, अर्ली. संपवली का गं कुणी?"

"कुठची! नॅनॅन हात लावू देईल तर ना. तो आल्यावर खाईल म्हणाली. मुंग्या लागल्या, तरी टेबलावरून हलवू दिली नाही."