शमुवेलचं अर्धं वाक्य

सुवार्ता लोंढे गप्प बसलीय, असं दृश्य नाशिकच्या गंगापूर रोडवर कुणी पाहिलं नव्हतं. दूधवाल्यापासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांना बाई बोलून बोलून दमवायची. त्यामुळं पन्नाशीला आल्यावर तिनं लाइफ कोचचा ऑनलाइन कोर्स केला आणि घराच्या पुढच्या खोलीवर ‘ख्रिस्ती जीवन मार्गदर्शन’ अशी पाटी लावली, तेव्हा तिच्या नवऱ्याला हसता हसता ठसका लागला.

“अगं, त्यात समोरच्याचं ऐकावं लागतं म्हणे!”

“ऐकते की! मी काय बहिरी आहे?” ती फणकारली.

कोर्समध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. माणसाला प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा, कारण त्याचं उत्तर देवानं त्याच्याच आत ठेवलेलं असतं. सुवार्ताला हे मनापासून पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं, त्याला बिचारी काय करणार!

तर तिच्याकडं एक दिवस शमुवेल त्रिभुवन आला. तिशी ओलांडलेला, धिप्पाड, लाजाळू गडी. पंचवटीत त्याचं पाण्याचे पंप आणि विजेच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान, आणि रविवारी चर्चमध्ये कीबोर्डवर तोच. गायचा असा, की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यावं. गाताना एक अक्षर अडायचं नाही. बोलायला लागला, की मात्र लहानपणापासून शब्द घशात रुतायचा. बाप तो शाळेत असतानाच गेला. तेव्हापासून त्याची आई कुसाबाई त्याचं तोंड झाली होती. दुकानात काउंटरवर ती बसायची, गिऱ्हाइकाशी ती बोलायची, फोन ती उचलायची. आणि चर्चमधल्या लोकांचं काय सांगावं! पोरगं सगळ्यांचं लाडकं. तो अडला रे अडला, की चारी बाजूंनी कुणी ना कुणी शब्द पुरवायचंच. बिचाऱ्याला अडू म्हणून द्यायचे नाहीत.

त्याच्या साखरपुड्यालाही तेच झालं. मुलगी वणीची, तेजस्विनी, नाशकातल्याच एका दवाखान्यात नर्स. अंगठ्या घालून झाल्या आणि बायकांनी गिल्ला केला, “नाव घे, नाव घे!” शमुवेल तयारीनं आला होता. कपाळावर घाम, पण डोळ्यांत हसू. “वाइंडिंग जळलं की मोटार होते बं... बंद,” इथपर्यंत पोचला, आणि पुढं “त... त...” क्षणभरही गेला नसेल, तर अख्खा हॉल ओरडला, “तेजस्विनी!” मग टाळ्या, शिट्ट्या, केक. उखाण्याची दुसरी ओळ कुणी ऐकलीच नाही. शमुवेलही सगळ्यांबरोबर हसला.

त्याच आठवड्यात तो सुवार्ताच्या खोलीत येऊन बसला. हात मांडीवर, नजर फरशीवर.

“ताई, मला... लग्नात तिचं नाव... अ... अ...”

“अडखळू द्यायचं नाहीये!” सुवार्तानं वाक्य पुरं करून टाकलं. “अरे, एवढंच ना? होईल की! प्रभू समर्थ आहे.”

शमुवेलनं तिच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि मान डोलावली. लोकांनी आपलं वाक्य पुरं केलं की मान डोलवायची, हे त्याला जन्मापासून सरावाचं होतं.

मग काय, बाईंनी कंबर कसली. श्वासाचे व्यायाम, आरशासमोर बोलणं, हळू बोलणं, प्रार्थना. चर्चमधल्या लग्नात पाळक एकेक तुकडा सांगतात आणि नवऱ्यानं तो सगळ्यांसमोर म्हणायचा असतो. ‘मी शमुवेल, तुला, तेजस्विनीला, माझी पत्नी करून घेतो,’ आणि पुढं सुखदुःखाचं, मरेपर्यंतचं वचन. एरवी एखादा शब्द अडला की शमुवेल दुसरा वापरायचा. ‘तांदूळ’ निघेना, तर ‘राइस’ म्हणून मोकळा व्हायचा. पण बायकोच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? जसजसा सराव वाढला, तसतसा ‘त’ जास्तच घट्ट बसला.

सुवार्ताला मग एक नामी कल्पना सुचली. “शमू, तू ते गाऊन टाक ना!” त्यानं गाऊन पाहिलं. अहाहा, काय सुरेख! तिनं टाळ्याच वाजवल्या. पण तो मध्येच थांबला आणि मान हलवून म्हणाला, “नको ताई. ल... लग्न गाऊन नाही करायचं.”

लग्न आठवड्यावर आलं, तेव्हा तो पुन्हा आला. या वेळी चेहरा पार उतरलेला. पाळकसाहेबांचा फोन आला होता. माणूस फार मायाळू. म्हणाले होते, “शमू, टेन्शन घेऊ नकोस. तुझं वचन मी म्हणतो, तू नुसती मान हलव. देवाला सगळं कळतं.”

“मान हलवून ब... बायको नाही करायची मला,” शमुवेल म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. “त्यापेक्षा ल... लग्नच नको. तिला स... सांगतो, दुसरा बघ.”

एवढं गुणी पोरगं, एवढी गुणी पोरगी! तिच्याकडचे सगळे उपाय संपले होते. धीर द्यायला एक वाक्य आठवेना. म्हणून ती गप्प बसली. ते काही शहाणपण नव्हतं, बाई नुसती हरली होती. डोक्यावर पंखा फिरत होता. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. शमुवेलचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले, आणि सुवार्ता पहिल्यांदाच मध्ये पडली नाही.

“ताई, त्या दिवशी... माझं वाक्य तुम्ही पु... पुरं केलं,” तो म्हणाला. “ते मा... माझं नव्हतं.”

तिला आधी काही समजेना. “मग तुझं काय होतं रे?”

“मला लग्नात तिचं नाव...” तो अडला. तिनं जीभ चावून धरली. “अ... अडखळतच घ्यायचंय. अडलो तरी चा... चालेल. पण मी घेणार. दु... दुसऱ्या कुणी नाही.”

सुवार्तानं कपाळाला हात लावला. अरे देवा! म्हणजे एवढे दिवस आपण याचं काय काढून टाकत होतो? त्याला आजार बरा करून नकोच होता. त्याला आपलं वाक्य हवं होतं, जसं निघेल तसं. उत्तर त्याच्याच आत होतं, पहिल्याच दिवशी त्याच्या ओठांवर आलं होतं, आणि तिनं वरून आपलं झाकण घातलं होतं.

मग तिनं तिच्या आयुष्यातला पहिला खरा प्रश्न विचारला. “शमू, ज्याच्यापुढं अडलास तरी तुला लाज वाटत नाही, असं कुणी आहे?”

“ते... तेजस्विनी.” नाव त्याला अडलं, पण चेहरा उजळला.

“ती काय करते?”

तो हसायला लागला. “का... काहीच नाही. थांबते.” मग त्यानं अडत अडत सांगितलं. मुलगी बघायला सगळे वणीला गेले होते, तेव्हा त्यानं तिला एक प्रश्न विचारायला घेतला. प्रश्न निघेपर्यंत चहावर साय धरली. खोलीतले सगळे अंदाज करून शब्द सुचवत होते. ही पोरगी मात्र त्याच्याकडं बघत शांत बसली, जणू तिला सबंध दुपार मोकळी होती.

सुवार्ता नुसती ऐकत राहिली. त्या साध्या खोलीत कुणीतरी मोठं येऊन बसलंय असं तिला वाटलं, आणि मोठ्यानं श्वास घ्यायचीही भीती वाटली.

“आता काय करशील?” तिनं हळूच विचारलं.

“आईला सां... सांगतो. पाळकांनाही.”

‘मी सांगू का त्यांना?’ हे सुवार्ताच्या अगदी दातांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुसाबाई तणतणत आली. चप्पल दारात भिरकावली आणि उभ्यानंच सुरू झाली. “बाई, काय शिकवलंत वो माझ्या पोराला? मला म्हणतो, आई, लग्नात तू बोलू नको! मी नाय बोलले तर त्याचं कोण बोलंल? सगळ्या लोकांसमोर त्याची फजिती होईल अन् मी बघत बसू?”

सुवार्ताकडं उत्तरं काय कमी होती? पण तिनं फक्त विचारलं, “मावशी, तो अडला की तुमच्या पोटात काय होतं?”

कुसाबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. “बघवत नाय मला,” ती म्हणाली. “लय तुटतं.” चहा न घेताच ती निघून गेली. गप्प बसेन असं काही तिनं कबूल केलं नाही.

लग्नाच्या दिवशी चर्च खच्चून भरलं होतं. वणीचे पाहुणे, पंचवटीतले शेजारचे दुकानदार, सगळी मंडळी. शमुवेलनं काय ठरवलंय, हे यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या बाकावर कुसाबाई, नव्या पैठणीत, चेहरा आवळून बसलेली. तिच्या मागं दोन बाक सोडून सुवार्ता. हा आज अडला आणि पुन्हा सगळे ओरडले, तर हा माणूस परत कधी तोंड उघडणार नाही, हे तिला माहीत होतं.

शमुवेलनं सांगून ठेवल्याप्रमाणं पाळकसाहेबांनी पहिला तुकडा सांगितला आणि ते थांबले.

“मी शमु... शमुवेल,” तो म्हणाला. “तुला, त... त...”

झालं. शब्द रुतला.

सगळ्या चर्चनं श्वास घेतला. सुवार्ताला तो ऐकू आला. सगळ्यांच्या ओठांवर तेच एक नाव येऊन ठेपलं होतं, तिच्याही. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. आणि तेवढ्यात पहिल्या बाकावरून कुसाबाई उठून उभी राहिली.

संपलं, सुवार्ताला वाटलं. आता ही बोलणार!

कुसाबाई बोलली नाही. तिला बसवत नव्हतं, म्हणून ती उभी राहिली होती. मुठी वळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून धारा. पण चर्चची एक सवय असते. पहिला बाक उठला की मागचे कुणी कारण विचारत नाहीत. दुसरा बाक उठला, तिसरा उठला, बाकं करकरली, आणि बघता बघता अख्खं चर्च उभं राहिलं. शब्द पुरवायला निघालेली माणसं उभी राहिली तशी गप्प झाली, कारण तिथं सगळ्यांनी मिळून उभं राहायचं ते देवापुढंच. वणीच्या पाहुण्यांनी टोप्या सारख्या केल्या. पंचवटीच्या दुकानदारांनी हात जोडले.

बाहेर रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला आणि विरला. तेजस्विनी शमुवेलकडं बघत उभी होती, घाई नाही, काळजी नाही. आणि शमुवेल! तो अडला होता, पण मान खाली नव्हती. अडलेला असताना ताठ मानेनं उभा राहिलेला शमुवेल सुवार्तानं आजवर पाहिलाच नव्हता. किती वेळ गेला, देव जाणे. तिला वाटलं, असा अजून तासभर गेला तरी चालेल.

“ते... तेज... तेजस्विनीला,” तो म्हणाला, “मा... माझी पत्नी करून घेतो.”

आणि तिथंच थांबला नाही. सुख आलं, तिथं अडला. दुःख आलं, तिथं अडला. आजारपण, गरिबी, मरण, सगळ्यांपाशी अडला, आणि एकही शब्द बदलला नाही, एकही गाळला नाही. सुवार्ता पन्नास वर्षं चर्चला येत होती. एवढी प्रवचनं ऐकली, स्वतःही थोडी का ठोकली होती? पण माणसाच्या तोंडून शब्द असा जन्माला येताना तिनं कधी पाहिला नव्हता. आपण यात काही केलेलं नाही, नुसतं बाजूला झालो, हे तिला लख्ख कळत होतं, आणि त्याचाच तिला केवढा तरी आनंद झाला. पुढं काय म्हणायचं हे पाळकसाहेबही विसरले होते. ते चष्मा पुसत होते.

बाहेर मांडवात जेवणं सुरू झाली. एक काका ताट घेऊन सुवार्ताजवळ आले. “ताई, तुमच्या कोचिंगनं त्याचं अडखळणं काही गेलं नाही हो!”

“नाही ना!” सुवार्ता इतक्या खुशीत म्हणाली, की काका गोंधळून जिलबीकडं वळले.

तेवढ्यात कुसाबाई आली. तिनं सुवार्ताचा हात धरला. “बाई...” एवढं म्हणाली आणि अडली. या बाईला शब्द सापडत नाहीय, हेही नवलच. सुवार्ता काही बोलली नाही. ती थांबली.

“त्याचा आवाज त्याच्या बापावर गेलाय,” कुसाबाई शेवटी म्हणाली. “गातो तेव्हा नाय कळत. बोलतो तेव्हा अगदी बापाचा हाय. मला ठाऊकच नव्हतं वो. मी कधी पुरतं बोलूच दिलं नाय त्याला.”

पलीकडं बायकांनी नवरा-नवरीला गराडा घातला होता. “नाव घे, नाव घे!” शमुवेलनं हातातला घास ताटात ठेवला. “वाइंडिंग जळलं की मोटार होते बं... बंद, त... त...”

“ते—” कुणाच्या तरी तोंडून निघालंच.

“ए, गप बसा सगळे!” कुसाबाई मांडवाच्या या टोकावरून कडाडली. “माझा शमू बोलतोय!”